दोन भेटींच्या मधला आठवडा

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात लिहिले होते की, रोजच्या ताणासाठी, सततच्या काळजीसाठी आणि मुले वाढवताना होणाऱ्या ओढाताणीसाठी मोबाइलवरून घेतलेले समुपदेशनही बऱ्याचदा उपयोगी पडते. त्या एका वाक्यावर महिनाभर पत्रे येत राहिली. काहींनी पत्ता विचारला, काहींनी खर्च, आणि एका आजोबांनी "हे सगळे आम्ही ओट्यावर बसून फुकट करत होतो" असे सुनावले. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. मात्र ओट्यावर सांगितलेले दिवेलागणीपर्यंत गावभर होत असे, एवढी आठवण मी त्यांना करून देईन. निवडक पत्रे खाली घेतली आहेत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते. मुलगा दुसरीत आहे. संध्याकाळी सातला घरी पोचते आणि साडेसातला त्याचा गृहपाठ घ्यायला बसते. रोज त्याचे रडणे आणि माझे ओरडणे. परवा हातातली पट्टी त्याच्या बोटांवर बसली. तो झोपल्यावर मी त्या बोटांकडे पाहत बराच वेळ बसून राहिले. मैत्रीण म्हणते, ऑनलाइन समुपदेशन घे. घर दोन खोल्यांचे, सासू-सासरे बरोबर, बोलायचे कुठे? आणि मोबाइलवर बोलून मुलगा अभ्यास करायला लागणार आहे का?
(एक आई, चाकण)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. आपण मोबाइलवर बोलल्याने मुलगा अभ्यासाला लागणार नाही. समुपदेशन आपल्यासाठी आहे, आणि त्यातून बदलू शकतात ती साडेसात ते आठ ही तीस मिनिटे. ही तीस मिनिटे आपल्या घरातच घडतात, म्हणून घरातूनच घेतलेले समुपदेशन या कामाला गैरसोयीचे नाही. दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून आपण जे आठवून सांगाल, ते टेबल, ती वही आणि तो टीव्हीचा आवाज इथे समोरच असतो.

पहिल्या भेटीत समुपदेशक घरची, नोकरीची, झोपेची, तब्येतीची माहिती घेतात. पाऊण ते एक तास त्यातच जातो आणि अनेकांचा तिथेच हिरमोड होतो, कारण बोलून हलके वाटले तरी हाती काही लागलेले नसते. खरे काम दुसऱ्या भेटीपासून सुरू होते. पट्टीच्या प्रसंगासारखा एकच प्रसंग घेऊन तो सावकाश, पायरीपायरीने पुन्हा पाहिला जातो. समजा, साडेसात वाजले आहेत, बाहेरच्या खोलीत मालिका सुरू आहे आणि वहीत २७ अधिक १५ ही बेरीज आहे. मुलाने सात आणि पाच बारा केले, दोन खाली लिहिले आणि तो हातचा विसरला. उत्तर आले ३२. घडले ते इतकेच. पण त्या क्षणी मनातून काय धावून गेले ते लिहून काढायला सांगितले की बहुतेक आया साधारण अशी साखळी लिहितात : कालच तर शिकवले होते, याचे लक्षच नसते, हा वर्गात मागे पडणार, बाकीच्या आया दुपारी घरी असतात, मी नोकरी करते म्हणून याचे असे झाले, आत सासूबाई ऐकत असतील. हातच्यापासून नोकरीपर्यंतचा हा प्रवास दोन-तीन सेकंदांत होतो, आणि पट्टी उगारली जाते ती साखळीतल्या शेवटच्या वाक्यांमुळे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि जी महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली, तिचा गाभा हाच आहे : प्रसंग आणि भावना यांच्या मध्ये एक समजूत बसलेली असते, आणि ती बहुतेक वेळा इच्छेच्या वेषातली सक्ती असते. मराठीत ती पकडणे तसे सोपे आहे, कारण आपल्याकडे 'च' आहे. "त्याला बेरीज आली तर बरे होईल" ही इच्छा झाली. "त्याला बेरीज आलीच पाहिजे, मी चांगली आई असलेच पाहिजे" ही सक्ती झाली. मी अनेकांना आठवडाभर फक्त आपल्या मनातले 'च' मोजायला सांगते. लोक आधी हसतात, आणि पुढच्या भेटीला वहीत रेघा मारून आणतात.

हा जो मधला आठवडा आहे, तोच उपचार आहे. भेट ही त्याची तयारी आणि उजळणी. समुपदेशक आपल्याला साधारण पुढच्यासारखे काही करायला सांगतील. सातला घरी आल्यावर पहिली वीस मिनिटे गृहपाठाचे नाव काढायचे नाही. हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा. मग दहा मिनिटे मुलगा म्हणेल तो खेळ, त्याच्या नियमांनी, आणि त्या वेळात शिकवायचे नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, चूक काढायची नाही. ही दहा मिनिटे ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण पालकांसाठी आखलेल्या बहुतेक प्रशिक्षणांची सुरुवात त्यांच्यापासून होते, कारण ज्या मोठ्या माणसाशी दिवसातला सगळा संबंध फक्त चुकांपुरता उरला आहे, त्याचे मूल ऐकत नाही. त्यानंतर गृहपाठ दहा-दहा मिनिटांच्या दोन तुकड्यांत. कौतुक करायचे ते नेमके : "हुशार आहेस" म्हणण्याऐवजी "या वेळी हातचा तू आपणहून वर लिहिलास". पट्टी रेघ मारण्यापुरती बाहेर काढायची आणि लगेच दप्तरात ठेवायची. आवाज चढू लागला, जबडा आवळला गेला, की स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायचे. मात्र "मी पाणी पिऊन येते, मग आपण पुढचे गणित करू" असे सांगून जायचे, नाही तर मुलाला ते रुसून निघून जाणे वाटते.

आणि त्या पट्टीसाठी मुलाची एका वाक्यात माफी मागा. "मी तुला मारले, ते चुकले" एवढेच. "पण तू सुद्धा" हे शब्द जोडले की माफी संपते आणि भाषण सुरू होते.

आता जागेचा प्रश्न. माझ्याकडे येणाऱ्या आयांपैकी कितीतरी जणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बंद गाडीत बसून बोलतात. कोणी गच्चीवर जाते, कोणी जेवणाच्या सुट्टीत कार्यालयातल्या रिकाम्या खोलीत बसते. इअरफोन लावल्यावर समोरच्याचे बोलणे बाहेर ऐकू जात नाही, आपले मात्र जाते, हे विसरू नये. कोणी जवळ आले तर "उद्या कळवते" असा एखादा खुणेचा शब्द आधी ठरवून ठेवावा. तो ऐकला की समुपदेशक विषय बदलतात. जबाबदार समुपदेशक प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला आपण कुठे बसला आहात, जवळ कोणी आहे का, हे विचारतात, आणि पहिल्याच भेटीत आपला पत्ता व अडचणीच्या वेळी फोन करता येईल असा एक जवळचा क्रमांक लिहून घेतात. असे विचारणे म्हणजे चौकशी नव्हे. शंभर मैलांवर बसलेल्या माणसाला आपल्या मदतीला कोणाला पाठवायचे ते माहीत असावे, म्हणून ती काळजी.

किती भेटी लागतात? अशा नेमक्या तक्रारीसाठी आठवड्याला एक याप्रमाणे सहा ते आठ भेटी हा अंदाज रास्त आहे. चौथ्या भेटीला समुपदेशकांना सरळ विचारा की आपण काय ठरवले होते आणि काय बदलले. उत्तर मोघम आले तर माणूस बदलायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र आपण लिहिलेली नाही, तरी विचारते. आपल्या पत्रात सासूबाई आहेत, सासरे आहेत, मैत्रीण आहे. मुलाचे बाबा कुठेच नाहीत. गृहपाठाचे सहा दिवस दोघांत वाटून घेता येतील का, हा प्रश्न समुपदेशकापुढे नेण्याआधी घरात विचारून पाहावा. पालकत्वाचा ताण म्हणून जे माझ्याकडे येते, त्यातला मोठा भाग कामाच्या वाटणीचा असतो, आणि त्यावर श्वसनाचे व्यायाम चालत नाहीत.

प्रश्न : माझे वय ४१, कापडाचे दुकान आहे. गेल्या वर्षापासून अचानक छाती धडधडते, हात गार पडतात, आता संपलो असे वाटते. दोनदा रात्री दवाखान्यात नेले. ईसीजी आणि टूडी एको नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. आता मी माल आणायला एसटीने सोलापूरला एकटा जात नाही, बायकोला बरोबर नेतो. मेडिकलवाला ओळखीचा आहे, तो झोपेची अर्धी गोळी देतो. ऑनलाइन डॉक्टर करावा का? खर्च किती?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : हृदयाच्या तपासण्या झाल्या हे चांगले केलेत. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहिले नसेल तर तेही आपल्या डॉक्टरांना विचारून पाहून घ्या. "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला मात्र मला कधीच समजलेला नाही; टेन्शन काही कोणी दुकानातून घेत नाही.

आपण वर्णन केलेला झटका हा बहुधा तीव्र घबराटीचा आहे. शरीर धोक्याच्या वेळी जी तयारी करते, तीच ते धोका नसताना करते : ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, हातापायांच्या कातडीकडचे रक्त कमी होऊन ती गार पडते. ही लाट काही मिनिटांत शिगेला पोचते आणि ओसरते. ती ओसरणारच असते, पण त्या वेळी बायको शेजारी असली किंवा गोळी घेतलेली असली, तर मेंदू श्रेय त्यांना देतो. मग एकट्याने एसटीत बसणे अधिकच धोक्याचे वाटू लागते. टाळण्याने भीती वाढत जाते ती अशी.

याच्यावरचा उपाय भीतीच्या जागी हळूहळू, ठरवून परत जाणे हा आहे, आणि इथे मोबाइल चक्क दवाखान्यापेक्षा सरस ठरतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांना बार्शीच्या एसटी स्टँडवर येता येत नाही. इअरफोनमधून समुपदेशक येऊ शकतात. पहिल्या आठवड्यात स्टँडवरच्या बाकावर वीस मिनिटे नुसते बसायचे, धडधड सुरू झाली तरी उठायचे नाही आणि दर पाच मिनिटांनी भीतीला दहापैकी किती गुण ते मोठ्याने सांगायचे. आकडा आपोआप खाली येतो हे आपल्या कानांनी ऐकणे महत्त्वाचे. मग वैरागपर्यंत पत्नीसह, मग वैरागपर्यंत एकट्याने, मग सोलापूरपर्यंत पत्नी मागच्या गाडीने, आणि शेवटी एकट्याने. पायऱ्या आपण ठरवायच्या, घाई करायची नाही, पण एक पायरी जमली की तीच तीनचार वेळा करायची. श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. जोरजोरात खोल श्वास घेतल्याने चक्कर आणि मुंग्या वाढतात.

त्या अर्ध्या गोळीविषयी कठोर बोलते. तत्काळ शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, आणि बराच काळ घेतलेली गोळी एकदम बंद करणेही धोक्याचे असते. ओळखीच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय ती देणे ही मैत्री नव्हे. २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या केंद्राच्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अमली आणि मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधे ऑनलाइन लिहून देण्यावर डॉक्टरांनाही कडक बंधने आहेत, आणि अशा बऱ्याच गोळ्या त्या यादीत आहेत. म्हणून गोळी कशी कमी करायची यासाठी एकदा मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटा. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तो विभाग आहे. समुपदेशनाचा भाग त्यानंतर फोनवर चालवता येईल. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक औषध लिहून देऊ शकत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचे, हा फरक अनेकांना ठाऊक नसतो.

खर्चाचे म्हणाल, तर सुरुवात फुकट करता येते. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक लावायचा, भाषा निवडताना मराठी निवडायची. चोवीस तास कोणी ना कोणी प्रशिक्षित माणूस फोनवर येते आणि गरज पडली तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देते. तिचे मुख्य केंद्र बंगळुरूची निमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेली 'आयकॉल' ही सेवाही फोनवर आणि लेखी संदेशांतून मोफत समुपदेशन देत आली आहे. दर आठवड्याला तोच माणूस, तीच वही असे सलग काम हवे असेल, तर मात्र बहुधा खासगी समुपदेशक पाहावा लागतो.

प्रश्न : जाहिरात पाहून मी मुलीच्या वागण्यासाठी बारा सेशनचे पॅकेज आगाऊ पैसे भरून घेतले. तिसऱ्या सेशनमध्ये त्या बाईंनी दुसऱ्या एका कुटुंबाची सगळी हकिगत मला उदाहरण म्हणून सांगितली. नंतर कळले की त्यांनी शनिवार-रविवारचा एक कोर्स केला आहे. पैसे परत मिळत नाहीत. माणूस खरा की खोटा कसे ओळखावे?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : ज्या क्षणी त्यांनी दुसऱ्याची हकिगत आपल्याला सांगितली, त्या क्षणी आपली हकिगत तिसऱ्याला कशी सांगितली जाईल हे आपल्याला कळले असेल. तिथेच थांबायला हवे होते, पण भरलेले पैसे माणसाला खुर्चीत बसवून ठेवतात. म्हणूनच आगाऊ पॅकेज घेऊ नये. एका भेटीचे पैसे एका भेटीला.

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि त्यांचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. तिचा क्रमांक मागावा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळावा. अडचण आहे ती 'समुपदेशक' या शब्दाची, कारण मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षे ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेल्या व्यक्तीही तो वापरतात आणि दोन दिवसांचे प्रमाणपत्र घेतलेल्याही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात या मंडळींनाही नोंदणीच्या चौकटीत घेतले आहे. ती नोंदणी होईपर्यंत आणि त्यानंतरही विचारणे आपल्या हाती आहे. शिक्षण कुठे झाले, आपले काम कोणाच्या देखरेखीखाली तपासले जाते, कोणती पद्धत वापरता, आणि माझी अडचण आपल्या कक्षेबाहेरची निघाली तर कोणाकडे पाठवाल, हे विचारल्यावर ज्यांना राग येतो त्यांना नमस्कार करून निघावे. "खात्रीशीर फरक" असे आश्वासन देणाऱ्यांनाही.

गोपनीयता ही मेहरबानी नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ मध्ये रुग्णाला तो हक्क दिलेला आहे. त्याला अपवाद आहेत : जिवाला धोका असेल तर, आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले तर कायद्याने कळवावेच लागते. हे अपवाद पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगणारी व्यक्ती जाणकार समजावी. आपल्याला न विचारता सेशनचे रेकॉर्डिंग मात्र कोणालाही करता येत नाही.

प्रश्न : माझी धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली आहे. पाच आठवडे झाले. बाळ झोपले तरी ती झोपत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. काल म्हणाली, बाळाला माझ्यापेक्षा दुसरे कोणीही चांगले सांभाळेल. आई म्हणते, ओल्या बाळंतिणीला असे होतेच. सव्वा महिना बाहेर न्यायचे नाही, म्हणून ऑनलाइन कोणी सुचवाल का?
(एक मोठी बहीण, कुडाळ)

उत्तर : या पत्राला मी अंकाची वाट न पाहता वेगळे उत्तर पाठवले आहे. इतर घरांसाठी ते इथे थोडक्यात देते.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत येणारे रडू आणि हळवेपणा साधारण दोन आठवड्यांत मावळतो. आईंना जे ठाऊक आहे ते हेच, आणि ते खरे आहे. पाचव्या आठवड्यातले, झोप उडवणारे, "माझ्याशिवाय बरे होईल" असे म्हणायला लावणारे दुःख वेगळे असते. ते वाक्य गांभीर्याने घ्यायचे. बहिणीला शांतपणे, सरळ शब्दांत विचारा की स्वतःला संपवण्याचे विचार येतात का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असेल तर बाहेर यायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर तिला एकटे ठेवू नका, घरातली औषधे, कीटकनाशके कुलपात ठेवा, रात्र असेल तर १४४१६ ला फोन लावा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे न्या. आवाज ऐकू येणे, बाळाविषयी विचित्र समजुती, असंबद्ध बोलणे दिसले तर सकाळचीही वाट पाहायची नाही. अशा वेळी पडद्यावरची भेट पुरेशी नसते. आपल्याला ओरोसचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे, आणि गोव्यात बांबोळीला मनोविकार व मानववर्तन संस्था आहे.

सव्वा महिन्याच्या नियमाविषयी आईंशी वाद घालू नका. बाळाला दीड महिन्याची लस द्यायला दवाखान्यात न्यायचेच असते. तशीच ही भेट आहे, फक्त ती आज आहे, असे सांगा. अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधेही आहेत, त्यामुळे "औषध सुरू केले की दूध तोडावे लागेल" ही भीती डॉक्टरांपुढे मांडावी, घरात ठरवून टाकू नये. बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे. तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीचा आहे आणि त्याला 'कधीच नाही' याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर बाकीची बेरीज करत बसू नये.

तिला सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी व्यवस्था आज रात्रीपासून करता येते : दूध काढून ठेवायचे आणि एका वेळचे पाजणे आपण किंवा आईंनी वाटी-चमच्याने करायचे. तब्येतीला उतार पडू लागला की पुढचे समुपदेशन खुशाल घरबसल्या घ्यावे. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने केलेल्या कामातून हे दिसून आले आहे की, रीतसर प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या, डॉक्टर नसलेल्या सामान्य समुपदेशकांनी थोडक्या भेटींत रोजच्या लहान लहान कृती पुन्हा सुरू करून दिल्या, तर नैराश्यात खरी मदत होते. लहान कृती म्हणजे किती लहान, तर दुपारी चारला पडवीत खुर्ची टाकून दहा मिनिटे बसणे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी १३ वर्षांची, तिचे-आमचे रोज खटके उडतात. आम्हाला मनातले मराठीतच सांगता येते. पुण्यातला समुपदेशक ऑनलाइन चालेल का?
(एक बाबा)

उत्तर : तुम्हा दोघांसाठी, पालक म्हणून मार्गदर्शन घ्यायला, मराठीतला माणूस मोलाचा आहे, "लोक काय म्हणतील" या वाक्याचे इंग्रजी भाषांतर करून सांगताना त्यातला निम्मा जीव जातो. पण अमेरिकेत उपचाराचा परवाना राज्यानुसार असतो, पुण्यातल्या समुपदेशकाकडे तो नसतो, विमा त्याचे पैसे देत नाही आणि रात्री अडचण आली तर त्याला तिथे काही करता येत नाही. तेव्हा मुलीसाठी तिथलाच परवानाधारक, तिच्या भाषेत म्हणजे इंग्रजीत बोलणारा थेरपिस्ट शोधा. तिला मराठीत बोलायला लावणाऱ्या खोलीत ती मुकी बसेल. तातडीसाठी तिथला ९८८ हा मानसिक संकटातल्या मदतीचा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा.

प्रश्न : रात्री दोनला झोप येत नाही तेव्हा मी मोबाइलमधल्या एआय चॅटबॉटशी बोलते. त्याला माझे सगळे पटते. मग समुपदेशक कशाला?
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपणच कारण लिहिले आहे : त्याला सगळे पटते. मनातला गुंता शब्दांत मांडायला त्याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण गेल्या महिन्यातही आपण हेच म्हणाला होतात, आणि ठरवलेली गोष्ट केली नव्हती, हे तोंडावर सांगून जबाबदारी घेणारे कोणी तिथे नसते. मुलांची नावे, शाळा, फोटो त्यात लिहू नका. आणि रात्री दोनच्या काळजीसाठी एक जुना उपाय करून पाहा : संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटे फक्त काळजी करायला राखून ठेवायची, कागदावर यादी करायची, रात्री नवी काळजी आली की तिला उद्या सहाची वेळ द्यायची आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला ठेवायचा.

प्रश्न : आमची सून दर गुरुवारी संध्याकाळी दार लावून तासभर मोबाइलवर बोलते. मुलगा म्हणतो, ते समुपदेशन आहे, मध्ये जायचे नाही. ती माझ्याविषयीच बोलत असेल ना? मी विचारू का?
(एक आजी, डोंबिवली)

उत्तर : आजी, थोडेफार आपल्याविषयीही बोलत असतील. तितकेच त्या आपल्या आईविषयी, नवऱ्याविषयी, साहेबांविषयी आणि सगळ्यांत जास्त स्वतःविषयी बोलत असतील. काय बोललीस असे विचारू नका. विचारले तर पुढच्या गुरुवारी बोलण्याचा निम्मा वेळ आपल्या त्या प्रश्नावर जाईल. नातवंड लहान आहे असे पत्रावरून वाटते. गुरुवारी त्या वेळेला त्याला घेऊन खाली बागेत जा, आणि परत आल्यावर दार उघडलेले असेल तर चहाला आधण ठेवा. कपात किती साखर हे आपल्याला माहीत आहेच.